जरीचा पिवळा तारा

संपादकांचा फोन आला तेव्हा मी राक्षसाचं एक शिंग मांडीवर घेऊन त्याला गोंद लावत बसले होते. दिवाळी अंकासाठी तुमच्या धंद्याबद्दल काही लिहा, म्हणाले. मी म्हटलं, माझ्या धंद्यात लिहिण्यासारखं काय असणार, लोक धुतलेले कपडे घेऊन जातात आणि घाण करून आणून देतात. तर ते म्हणाले, तेच लिहा. म्हणून लिहून राहिले. हाताला अजून गोंद आहे, तेवढं सांभाळून घ्या.

नांदेडच्या जुन्या बाजारात आमचं ड्रेपरीचं दुकान. ड्रेपरी म्हणजे नाटकाला, गॅदरिंगला, मिरवणुकीला लागणारे कपडे भाड्यानं देणं. सासऱ्यांनी सुरू केलं, नवऱ्यानं चालवल्यासारखं केलं आणि त्यानंतर मीच चालवते. देव, राक्षस, भारतमाता, मावळे, पोलीस, वांगं, भेंडी, फुलकोबी, सगळे एकाच खोलीत शेजारीशेजारी टांगलेले असतात आणि कधी भांडत नाहीत. भांडतात ती गिऱ्हाइकं.

धंद्याचे नियम थोडेच आहेत. कुठल्याच कपड्याला माप नसतं, सगळं नाडीवर आणि हुकांवर. त्यामुळे त्याच झग्यात पहिलीतलं पोरगंही राजा होतं आणि त्याचे गुरुजीही. राजाकडे फक्त समोरून बघायचं, मागून सगळ्या सेफ्टी पिनाच असतात. दुसरा नियम असा की कापड दहाव्या रांगेतल्या माणसासाठी शिवायचं. पहिल्या रांगेत पाहुणे बसतात आणि त्यांचं ध्यान चहाकडे असतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आम्ही संच फोडत नाही. मारुती नेला तर शेपटी आणि गदा न्यावीच लागते. एक बाई शेपटी नको म्हणून हटून बसल्या, लेकरू अडखळतं म्हणे. मी म्हटलं, मग मारुती होत नाही, नुसता लाल माणूस होतो. नेली शेपटी.

गिऱ्हाइकांचे नमुने सांगायला बसले तर अंक पुरायचा नाही. एक यमराज आमच्या दुकानातच नटून नायगावच्या बसमध्ये जाऊन बसला, कारण तिथे पोचल्यावर कपडे बदलायला वेळ नव्हता. बस गच्च भरलेली, लोक दाटीवाटीनं उभे, पण त्याच्या शेजारची सीट शेवटपर्यंत रिकामी राहिली. कंडक्टरनं त्याच्या गदेचं लगेज लावायचं म्हटलं तर यमराज भांडला. दुसऱ्या दिवशी गदा वाकलेली परत आली. कुणाच्या डोक्यात घातली ते मी विचारलं नाही.

पण दुकानात सगळ्यात जास्त फिरला तो एक खाकी डगला. जर्मनीच्या त्या हुकूमशहाचा, दंडावर पट्टा, सोबत नाकाखाली चिकटवायची बारकी मिशी. दुकानात आम्ही त्याला नुसतं मिशीवाला म्हणतो. गॅदरिंगचा सीझन आला की आया यायच्या. आमच्या पिंट्याला तोच करायचाय, लई कडक माणूस होता म्हणे, शिस्तीचा. पिंट्या शेंबूड पुसत उभा असायचा. मी मिशी चिकटवायची, पिंट्या शिंकायचा, मिशी काउंटरवर पडायची.

एकदा गावातल्या दोन गटांचे मोर्चे एकाच दिवशी निघाले. एका गटाला त्यांच्या मोर्च्यात मिशीवाला पाहिजे होता, दुसऱ्या गटाचा पुढारी हुकूमशहा आहे हे दाखवायला. तासाभरात दुसरा गट आला. त्यांनाही तोच पाहिजे, पहिल्याचा पुढारी हुकूमशहा आहे म्हणून. डगला एकच. दोघं माझ्या काउंटरवर असे तावातावानं भांडले की भारतमातेचा मुकुट खाली पडला. शेवटी मीच तोडगा काढला. सकाळी एकानं न्यावा, दुपारी दुसऱ्यानं. दुपारी डगला एकाकडून दुसऱ्याकडे द्यायला मी गेले तर कळलं की दोघांनी नकलाकारही एकच धरला होता. त्याला मिशीसुद्धा बदलावी लागली नाही, नुसतं तोंड दुसरीकडे करावं लागलं.

तर असा हा हसण्यावारी गेलेला डगला. तो न्यायला एक दिवस रेणुका आली.

रेणुका नायगावच्या कॉलेजातली पोरगी. एकांकिका लिहायची, बसवायची, आणि हिशेबापेक्षा जास्त स्वप्नं बघायची. तिच्याशी माझं जरा नाजूकच होतं, कारण आदल्या वर्षी तिच्या नाटकात ऐन मरणाच्या प्रसंगात म्हाताऱ्याची दाढी गळून त्याच्या छातीवर पडली होती आणि सगळा हॉल पोट धरून हसला होता. दाढी माझ्या दुकानची. ह्या वर्षी प्राचार्यांनी तिला अट घातली होती. आधी आपल्या गॅदरिंगमध्ये पाहुण्यांपुढे करून दाखवा. नीट झालं तर लातूरच्या स्पर्धेला बस देतो. पुन्हा हसं झालं तर लातूर विसरा. तिचं ते शेवटचं वर्ष होतं. त्यानंतर कॉलेज नाही, बस नाही आणि नाटकही नाही.

"मावशी, डगला पाहिजे," ती म्हणाली. "आणि पिवळे तारे शिवून पाहिजेत. सहा टोकांचे. छातीवर लावायचे."

मी विचारलं, तारे कुणाला, साहेब लोकांना का? तेव्हा तिनं काउंटरवर कोपर टेकून मला नाटक सांगितलं. नाटक एका ज्यू शिंप्याच्या घरचं. त्या मिशीवाल्याच्या राज्यात कायदाच निघाला होता की ज्यू माणसानं छातीवर पिवळा तारा शिवल्याशिवाय घराबाहेर पडायचं नाही. रस्त्यावरच्या कुणालाही कळावं, हा त्यातला हेतू. त्याआधीच त्यांना नोकरीतून काढलं होतं, पोरांना शाळेतून काढलं होतं, मग सगळ्यांना एका मोहल्ल्यात कोंडलं. आणि शेवटी रेल्वेच्या मालडब्यात भरून छावण्यांत नेलं आणि विषारी वायूनं मारलं. साठ लाख माणसं मारली सगळी मिळून, ती म्हणाली.

"लेकरंबी?" मी विचारलं.

"लेकरंबी, मावशी."

मला तो कुणीतरी लढाई हरलेला, खेकसणारा माणूस एवढाच ठाऊक होता. मी त्या खाकी डगल्याकडे बघितलं तर तो नेहमीसारखाच फुलकोबीच्या शेजारी लटकलेला. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

तरीपण काय झालं बघा. रेणुकानं सांगितलं होतं, साध्या पिवळ्या कापडाचे तारे करा, बटबटीत. मी कात्री घेऊन बसले, पहिला तारा कापला, आणि हात थांबेना. आमच्या धंद्यात छातीवर जे लागतं ते मानाचं असतं. फौजदाराचं पदक, राजाचं लॉकेट, गॅदरिंगच्या पाहुण्याचा बिल्ला. छातीवरची वस्तू मी उभ्या जन्मात साधी केलेली नाही. डोक्याला सगळं समजलं होतं, हाताला समजलं नव्हतं. मी कडेनं जर लावली. मधे एक टिकली लावली. खाली दोन बारक्या रिबिनी सोडल्या. मागं पिना लावल्या. रात्री दिव्याखाली धरला तर असा चमकला की मी स्वतःशीच खूश झाले.

गॅदरिंगच्या दिवशी मी मालासोबत नायगावला गेले. मोठी ऑर्डर असली की जावंच लागतं, नाहीतर मावळ्यांचे जोडे नवरदेवाच्या पायात निघतात. रेणुकानं तारे बघितले आणि तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. मला वाटलं आनंदाचं. "मावशी," ती म्हणाली, "हा मान न्हाई हो, हा अपमान हाय." आता काय करता. बदलायला वेळ नव्हता. ती म्हणाली, असू द्या, निदान दहाव्या रांगेत दिसतील. माझाच नियम माझ्या तोंडावर मारला.

मी तारे एका तबकात नीट मांडले, वर दस्ती झाकली आणि विंगेतल्या टेबलावर ठेवून पोरींच्या वेण्या घालायला गेले. आता आमच्याकडच्या कार्यक्रमाची रीत तुम्हाला ठाऊक आहे. स्टेजच्या बाजूला टेबल, टेबलावर शाली, नारळ, आणि तबकात पाहुण्यांचे बिल्ले. माझं तबक जाऊन बसलं ते नेमकं शाली आणि नारळांच्या मधे. स्वागत समितीचे एक सर आले, दस्ती उचलली आणि म्हणाले असतील, वा, ह्या वर्षी बिल्ले काय झोकदार आहेत. घेऊन गेले.

मी परत आले तर टेबलावर नुसते नारळ. पडद्याच्या फटीतून बाहेर बघितलं. पहिल्या रांगेत सोफ्यावर आप्पासाहेब, म्हणजे त्या भागातले मोठे पुढारी, आजचे अध्यक्ष. छातीवर माझा तारा. शेजारी प्राचार्य, छातीवर तारा. संस्थेचे सचिव, त्यांचे मेव्हणे, सरपंच, सगळ्यांच्या छाताडावर जर चमकून राहिलेली. दुसऱ्या रांगेतला एक ठेकेदार तारा मिळाला नाही म्हणून तोंड फुगवून बसला होता. शेवटचा उरलेला तारा कुणीतरी कांताबाईंना लावला होता. कांताबाई पंचायत समितीच्या माजी सदस्य, नायगावजवळच्याच एका गावच्या, बौद्ध समाजातल्या. त्यांना सोफा नव्हता, कडेला प्लॅस्टिकची खुर्ची होती.

खरी पंचाईत पुढेच होती. रेणुकानं नाटकाच्या सुरुवातीलाच एक नवीन गोष्ट घातली होती. तिची चार पोरं तारे लावून प्रेक्षकांत बसणार होती, आणि शिपाई झालेला गजानन हॉलच्या मागच्या दारातून बूट आपटत येऊन त्यांना ओढून स्टेजवर नेणार होता. गजानन कुस्तीच्या तालमीतला पोरगा, खांदे दारात न मावणारे, पण स्टेजवर ओळखीचं तोंड दिसलं की फिस्सकन हसायचा. म्हणून रेणुकानं त्याला तंबी दिली होती की तोंडाकडे बघायचंच नाही, फक्त तारा बघायचा, तारा दिसला की उचलायचा. गजानन केव्हाचा मागच्या दाराबाहेर जाऊन उभा होता. त्याला निरोप द्यायला मी एक पोरगी पळत पाठवली, पण तोवर दार उघडलं होतं.

बूट आपटत गजानन मधल्या वाटेनं आला. तोंडाकडे बघितलं नाही. तारा बघितला. आप्पासाहेबांचा दंड धरला आणि त्यांना सोफ्यावरून उभं केलं.

आप्पासाहेबांना वाटलं सत्काराला बोलावून राहिले. त्यांनी वळून सगळ्या हॉलला नमस्कार केला. हॉलनं टाळ्या वाजवल्या. गजाननला टाळ्यांचं बळ आलं. त्यानं पाठ केलेलं वाक्य ठोकून दिलं, मान खाली घाल आणि रांगेत उभा राहा. आप्पासाहेब म्हणाले, हे काय चाललंय? नेमकं तेच वाक्य नाटकातल्या शिंप्याला होतं, त्यामुळे गजाननचं उत्तर तयार होतं. "तारा लावणाऱ्यानं प्रश्न विचारायचा नसतो," तो गरजला आणि प्राचार्यांकडे वळला.

आता मात्र पहिल्या रांगेला कळलं की ह्या ताऱ्यातच काहीतरी खोट आहे. आप्पासाहेबांनी तो उपटला, अर्धा खिसा त्याच्यासोबत आला. "हा माझा न्हाई, मला ह्यांनी लावला," असं ते बोटानं सचिवांकडे दाखवत म्हणाले. सचिवांनी आपला काढून मेव्हण्याच्या मांडीवर टाकला, मेव्हण्यानं तो सोफ्याखाली सरकवला. प्राचार्यांनी घाईत काढून खाली ठेवला आणि त्याच्यावरच बसले. पिना मी पक्क्या लावते. ते लगेच उठले.

हॉल हसून हसून वेडा झाला. विंगेत रेणुका खाली बसली होती, तोंड ओढणीत. लातूर गेलं, एवढंच म्हणत होती. आधी दाढी आणि आता तारे. माझं दुकान ह्या पोरीच्या मुळावर आलं होतं. मला एवढी लाज वाटली की राक्षसाच्या पेटीत जाऊन बसावं.

तेवढ्यात कांताबाई उठल्या. गजानन अजून त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता. त्या आपल्या पायानं चालत स्टेजवर आल्या, तारा छातीवर तसाच. गजाननसमोर उभ्या राहिल्या. तो बिचारा आता गोंधळला होता, पण पाठांतर सुटलं नव्हतं. ओळख काय, त्यानं विचारलं.

"दिसून राहिली की, लेकरा," कांताबाई म्हणाल्या. मग त्या पहिल्या रांगेकडे वळल्या. आवाज चढवला नाही. "माझ्या आज्याला असला बिल्ला नव्हता. गावात शिरताना हाळी द्यावी लागायची, मी आलो, सावली सांभाळा म्हणून. बिल्ला असता तर त्याचा घसा तरी वाचला असता."

हसू एकदम थांबलं नाही. मागून कुठूनतरी दोन-तीन जणांचं उरलं होतं, तेही विरलं. कांताबाई विंगेकडे बघून म्हणाल्या, "तू कर बाई तुझं नाटक. मी उभी राहते रांगेत."

रेणुकानं डोळे पुसले आणि नाटक सुरू केलं. पोरांनी सोफ्याखालचे तारे वेचून लावले. शिंपी स्वतःच्या पोरीच्या फ्रॉकवर तारा शिवतो तो प्रसंग झाला, मालडब्याचा झाला. कांताबाई सगळ्या वेळ रांगेत उभ्या होत्या, गुडघे दुखत असतील तरी. कुणी हसलं नाही. दुसऱ्या रांगेतल्या त्या ठेकेदाराचंही तोंड फुगलेलं राहिलं नव्हतं.

आता सगळं आप्पासाहेबांवर होतं. ते काय बोलतात त्याच्यावर प्राचार्य बोलणार, आणि प्राचार्यांवर बस. आप्पासाहेब फाटक्या खिशावर शाल ओढून माईकपाशी आले. जन्मभर पुढारपण काही उगाच केलं नव्हतं त्यांनी. म्हणाले, तारा मी मुद्दाम फेकला, भित्र्या माणसाचं चित्रण करायला, नाटकात आमचाही खारीचा वाटा. प्राचार्यांनी सगळ्यांच्या आधी टाळी वाजवली. उभ्यानंच, कारण बसणं त्यांना जड जात होतं. बस मिळाली.

लातूरला जायच्या आधी मी रेणुकाला म्हटलं, आण ते तारे, जर उसवून देते, साधे करते. ती म्हणाली, "नको मावशी, जर राहू द्या. साधा तारा कोण लावून घेतो?" मला तेव्हा अर्थ लागला नाही. लातूरला हॉलच्या दारात तिनं दोन पोरी उभ्या केल्या, हातात तबक, आणि येणाऱ्या प्रत्येकाला तारा. मी आणखी डझनावारी शिवून दिले होते. लोकांनी हौसेनं लावून घेतले. एकानं बायकोसाठी जास्तीचा मागून नेला. परीक्षकांनीही लावले. मलाही पदरावर लावला.

मग अंधार झाला आणि मागचं दार उघडलं. मी शिवलेला तारा, मी लावलेली पिन, नाटकातलं पुढचं वाक्यही मला पाठ. आणि बूट कुणाचे, तर गजाननचे, ज्याला सकाळी मीच इडली खाऊ घातली होती. तरीपण बूट जवळ आले तसा माझा हात आपोआप पदरावरच्या पिनेपाशी गेला. आणि मग ते ऐकू आलं. सगळ्या हॉलमध्ये, इकडून, तिकडून, टक, टक, पिना उघडल्याचा बारीक आवाज. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. मला कांताबाई आठवल्या, मी हात मांडीवर आणला आणि दुसऱ्या हातानं धरून ठेवला. भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू.

पहिलं बक्षीस दारूबंदीच्या नाटकाला गेलं. आम्हाला उत्तेजनार्थ. परीक्षकांतले एक जण नंतर विंगेत आले आणि रेणुकाच्या हातात आपला तारा ठेवून गेले. रेणुका आता नायगावला शाळेत शिकवते आणि पोरांची नाटकं बसवते. दाढ्या अजून माझ्याकडूनच नेते, पण आधी ओढून बघते.

मिशीवाल्याचा डगला मी जाळला नाही. कपडा जाळणं मला जमत नाही. गेल्या सीझनला चाकूरहून माहेरी आलेली एक बाई दुकानात आली, कडेवर पोरगी, बोटाला पोरगा. पोराला मिशीवाला करायचं होतं. कडक दिसतो ना, म्हणाली. मी डगला काढला, मिशी काढली आणि शेजारी तबक ठेवलं.

"हे काय?"

"ह्याच्या सोबतचे. आम्ही संच फोडत न्हाई," मी म्हटलं. "घरात माणसं असतील तेवढे न्या. एक सासूबाईंना लावा, एक मालकांना, एक तुम्हाला, एक हिच्या फ्रॉकला. मग पोराला डगला घालून तुमच्यापुढं उभं करा. ह्यानं तारेवाल्यांचं काय केलं ते सांगते, ऐकता का?"

ती ऐकत राहिली. कडेवरची पोरगी मधेच वाकली आणि तबकातल्या ताऱ्याच्या जरीला हात घालायला लागली. बाईनं तिचा हात पटकन धरला आणि मागं ओढून आपल्या मुठीत घट्ट धरून ठेवला.

माझं सांगून झालं तेव्हा ती भिंतीवरच्या कपड्यांकडे वळली. मग म्हणाली, "ते वांगं द्या."

वांग्यासोबत देठाची टोपी न्यावीच लागते. ती तिनं न कुरकुरता नेली.